डोंगर टाइप प्लॅनमध्ये बसत नाही

आम्ही रिटायर्ड मंडळी भंडाऱ्याच्या टपरीवर चहाला जमलो की किस्से काढायला कोणाला सांगावं लागत नाही. आख्खी नोकरी सरकारी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. आता जिल्ह्यात कुठंही जा, आपल्याच हातची एखादी कुरूप इमारत रस्त्याकडेला उभी, आणि प्रत्येकीमागे एक किस्सा. लोक पाहुण्यांना आपली कामं कौतुकानं दाखवतात. मी मात्र एसटीच्या खिडकीतून दिसली की तोंड दुसरीकडे फिरवतो!

यातले निम्मे किस्से हटवार साहेबांचे. अड्याळकडच्या धान पिकवणाऱ्या घरातला माणूस, नागपुरात शिकून आर्किटेक्ट झालेला. सत्तर सालाच्या सुमारास आमच्या ऑफिसात रुजू झाले, तेव्हा मी ड्राफ्ट्समन. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "भाऊ, आपल्याकडं डोंगर हाय, जंगल हाय, तलाव हाय. मले जिंदगीत एकच इमारत अशी बांधायची हाय, का पाहणाऱ्याले वाटलं पायजे, हे तं इथंच उगवलं."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, हा माणूस इथं मार खाणार!

*

आमच्याकडे सगळ्या इमारतींचा टाइप प्लॅन वरून यायचा. शाळेचा एक, दवाखान्याचा एक. कोकणात बांधा नाहीतर आमच्या झाडीपट्टीत बांधा, तोच चौकोनी डबा आणि वर सपाट स्लॅब.

एका गावाला शाळा मंजूर झाली. जागेच्या मधोमध टेकाड, त्यावर काळे धोंडे. हटवारांनी टेकाडाच्या उतारावर एकाखाली एक वर्ग बसवले आणि धोंडे तसेच ठेवले. म्हणाले, पोरं त्यावर बसून भाकर खातील. तो नकाशा मी शाईनं काढला. खरं सांगतो, असा नकाशा काढताना हाताला वेगळीच गोडी लागते.

ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी नकाशा आणि टाइप प्लॅन शेजारी शेजारी ठेवले.

"हटवार, टाइप प्लॅनमध्ये टेकडी कुठे आहे?"

"साहेब, टेकडी जागेवर आहे."

"प्लॅनमध्ये नाही ना? मग जागेवर कशाला पाहिजे?"

झालं! सुरुंग लावून टेकाड उडवलं. पावसाळ्यात शाळेभोवती गुडघाभर पाणी साचलं. तेव्हा त्याच साहेबांनी हुकूम काढला, जागा खोलगट आहे, मुरूम आणून भर घाला!

*

मग तलावाकाठचा दवाखाना. तलाव असा की सकाळी नुसत्या कमळांनी भरलेला. हटवारांनी रोग्यांच्या खोल्या तलावाच्या बाजूला घेतल्या, लांबलचक व्हरांडा काढला, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, उतरतं छप्पर.

साहेब म्हणाले, "दर्शनी भाग रस्त्याकडे घ्या."

"साहेब, रस्त्यावर धूळ आहे, ट्रक आहेत. रोग्याला पाणी दिसलं तर बरं वाटेल."

"अहो, उद्घाटनाला मंत्री रस्त्यानं येणार की पोहत?"

सगळं ऑफिस खो खो हसलं. हटवार नकाशाची गुंडाळी करून बाहेर गेले.

दवाखाना टाइप प्लॅनप्रमाणे झाला. तोंड रस्त्याकडे, पाठ तलावाकडे. टाइप प्लॅनमध्ये पाठीला काय असतं? आख्ख्या दवाखान्यात कमळं दिसणारी खिडकी एकच आहे, आणि ती संडासाची!

*

एकदा मात्र हटवारांनी डाव साधला. एका गावच्या ग्रामपंचायतीला नकाशा टाइपचाच ठेवला, पण भिंती मागच्या डोंगरातल्या काळ्या दगडाच्या घेतल्या. गवंड्यांनीही हौसेनं दगड घडवला. लांबून पाहिलं तर डोंगरच जरा पुढे सरकून बसल्यागत वाटायचं.

मोठे साहेब पाहायला आले. "प्लास्टर राहिलं वाटतं?"

कामावरचा ओव्हरसियर साहेबांपुढे कसला बोलतो! आठवड्यात सगळा दगड प्लास्टरखाली गेला, वर पिवळा रंग. साहेब परत आले, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "फारच साधी दिसते हो. जरा दगडी बांधकामासारख्या रेघा मारून घ्या."

पेंटरनं शिडी लावली आणि दिवसभर दगड रंगवले.

हटवार त्या दिवशी डबा न उघडताच उठले. मी समजुतीनं म्हटलं, "साहेब, जाऊ द्या ना."

केवढे भडकले! "काहून जाऊ देऊ? खऱ्या दगडावर खोटा दगड रंगवून राहिले हे लोक, अन् तू म्हणतो जाऊ द्या?"

मलाही त्या रेघांचा असा संताप यायचा की त्या गावाला जायचंच मी सोडून दिलं.

*

ऐंशी साल उलटलं. हटवारांच्या मागून आलेले पुढे निघून गेले, हे तिथंच. त्यांचा एकही नकाशा जसाच्या तसा कधी पास झाला नाही. त्यांच्या घरी पोरी कॉलेजच्या वयात आल्या. वहिनी मला म्हणायच्या, "तुमच्या साहेबाले समजावा जी. डोंगराचं काय पडलं याह्यले?"

तेवढ्यात मोठ्या साहेबांची बदली झाली. नवे यायचे होते, आणि ज्यांच्याकडे चार्ज होता ते न पाहता सह्या करायचे. हटवारांनी आंबागडच्या किल्ल्याखालच्या रेस्ट हाऊसचा नकाशा सहीला पुढे सरकवला. सही झाली!

जीव ओतला त्या माणसानं. बुटक्या दगडी भिंती, गावातल्या घरांसारखे कवेलू. एक मोहाचं झाड तोडलं नाही की एक धोंडा हलवला नाही. रस्त्यावरून पाहावं तर वर किल्ला, खाली जंगल. काम पुरं झालं त्या दिवशी हटवार पायरीवर नुसते बसून राहिले.

मग नवे साहेब रुजू झाले आणि त्यांची तपासणी आली. आमच्याकडे तपासणी जीपमधूनच व्हायची. रस्त्यावर जीप हळू करायची, इमारत उभी आहे ना, चला पुढे. चौकीदार व्हरांड्यात चहा उकळून वाट पाहत होता. जीप आली, हळू झाली, पुढे गेली. परत फिरली, हळू झाली. चौकीदारानं हात केला. साहेबांनीही जीपमधून हात केला आणि निघून गेले!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्फोट. "जागेवर इमारतच नाही! नुसती झाडं, धोंडे आणि किल्ला. कागदावर रेस्ट हाऊस बांधून पैसा खाल्ला!"

हटवार हात जोडून म्हणाले, "साहेब, चला, मी आत नेऊन बसवतो."

"आम्हाला डोळे नाहीत काय?"

संध्याकाळी सस्पेंशनचा कागद त्यांच्या हातात. एकट्यानं घरी जाऊ द्यायची हिंमत होईना, म्हणून मीही सोबत गेलो. वहिनींनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. पोरी दारात रडत उभ्या. हटवार बाजेवर टेकले, आणि हळूहळू हसायलाच लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

वहिनी घाबरल्या. "नोकरी गेली, अन् हासून काहून राहिले जी?"

हटवारांनी डोळे पुसले.

"अवं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माहं डिझाइन पास केलं!"