मांजरीला भूगोल शिकवणारे भासरे

आमच्या भासऱ्यांइतका शाळेचा वैरी आणि शिकवण्याचा वेडा माणूस अख्ख्या मेहकर तालुक्यात दुसरा झाला नाही आणि व्हायचाही नाही. भासरे म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावजयीने भासऱ्यांसमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि त्यांनीही तिला हाक मारायची नाही. त्यामुळे एका घरात इतकी वर्षं राहून मी त्यांना पाहिलं ते बहुतेक पाठमोरं, स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून. ते बसत ओसरीवर, मी चुलीपुढे, मध्ये एक मातीची भिंत. त्यांना चहा हवा असला की ते ओसरीवर लोळणाऱ्या मांजरीला सांगत, "मांजरे, सकाळचा चहा लय चांगला झाला होता." मी दाराआडून बांगड्या वाजवायची आणि चहा भिंतीपाशी ठेवायची. नवे पाहुणे त्या मांजरीकडे फार आदराने बघत.

शाळेवर त्यांचा राग बसला तो राज्यांवरून. त्यांची सुमन पाळण्यात होती तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. ती पळायला लागली तोवर मुंबई राज्यात गेलो. पुढे महाराष्ट्र झाला. घर तेच, विहीर तीच, राज्य मात्र तिसरं. भासरे म्हणायचे, "ज्या मास्तराले आपलं राज्य कोन्तं हे दोनदा बदलून सांगा लागलं, त्याच्या हाताखाली म्या लेकरं काऊन देऊ?" सुमन आणि तिच्या पाठचा वसंता, दोघांनाही त्यांनी घरीच शिकवायचं ठरवलं. स्वतः सातवी पास होते. आमच्या गावात सातवी पास माणसाला कुणी अडवत नसे.

वाचनासाठी त्यांनी पुस्तक आणलं नाही. डोणगावच्या बाजारातून गूळ, हळद, खारीक ज्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून यायचं, ते कागद मांडीवर हाताने सपाट करून ते पोरांपुढे ठेवत. कागद नेहमी अर्धा फाटलेला. त्यामुळे आमच्या घरात कुठल्याच बातमीला शेवट नसे. भासरे विचारत, "पुढं काय झालं असन?" आणि पोरं शेवट करत. एकदा सुमनने वाचलं, "मंत्रिमहोदय सभेत म्हणाले की," आणि तिथेच कागद संपला. ती जराही न थांबता म्हणाली, "की आता लय उशीर झाला, सारे घरी जा आन् भाकर खा." भासरे खूश झाले. म्हणाले, "इतकं शहाणपनाचं त खरा मंत्रीही बोलला नसन."

पाढे मळ्यात, मोटेवर. बैल उतारावरून पुढे जाताना पाढा सरळ, मोट पुन्हा विहिरीत सोडायला मागे सरकताना पाढा उलटा. पोरंही बैलांसोबत पुढे मागे चालत. पाढे अगदी पक्के झाले, पण पायांत. उभं राहून विचारलं तर वसंताला बे दाहे सुद्धा आठवत नसे.

आणि भूगोल भाजीत. मळ्याच्या एका कोपऱ्यात त्यांनी वाफ्यांचा महाराष्ट्र काढला होता. पश्चिमेचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, हा सह्याद्री, त्याच्या पलीकडची अरुंद पट्टी कोकण, पाण्याचा मोठा पाट गोदावरी. नागपुरात आधी टमाटे लावले, कारण भासऱ्यांच्या मनात राजधानी अजून तीच. राजधानी मुंबईला गेली हे पटलं तसे पुढच्या हंगामात टमाटेही मुंबईला गेले आणि नागपूरकडे कांदे आले. आमचा मेहकर तालुका मात्र विहिरीजवळ, साऱ्या विदर्भापेक्षा मोठा, त्यात मिरची. कोथिंबीर हवी असली की जाऊबाई वैतागून म्हणायच्या, "सांबार आना म्हनलं त बाप लेकीले इचारते, कोकनातून आनू का खानदेशातून!"

पोर चुकलं तर ते मारत नसत. "चूक मास्तरची," असं म्हणून स्वतःचेच कान धरून उठाबशा काढत. सासूबाईंना ते बघवत नसे. त्या पोरांना हळूच लाडू देत आणि म्हणत, "नीट सांगत जा रे, माह्या लेकाचे गुडघे चालले."

आता माझं सांगते. माहेरी माझी शाळा चौथीत सुटली, कारण पाचवी पुढच्या गावात होती आणि पोरींना पुढच्या गावात फक्त लग्न करून पाठवत. भासऱ्यांची शाळा सुरू झाली तेव्हा मी भाकरी थापता थापता ऐकू लागले. माहेरच्या शाळेला दार होतं, ते माझ्यासाठी बंद झालं. घरच्या शाळेला भिंत होती, आणि मातीच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. घरी शिकण्याचा याहून मोठा फायदा मला माहीत नाही. ती शाळा मोडली असती तर पोरांना दुसरी होती. मला नव्हती.

आणि ती मोडायचं जाऊबाईंनी मनावर घेतलं. पोरांनी चारचौघांत बसावं, त्यांना सोबती मिळावेत, असं त्यांना वाटे, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. एक दिवस त्या ओसरीवर जाऊन म्हणाल्या, "अवो, आयकता काय? हेडमास्तरले घरी बलावू. घिऊ द्या पोट्ट्यांची परीक्षा. नापास झाले त शाळेत धाडा, शिकतीन तरी. पास झाले त सुमनले एकदम पाचवीत बसवू, वसंताले तिसरीत."

"मंजूर," भासरे म्हणाले. पास होणार एवढंच त्यांच्या डोक्यात.

मी तव्यापाशी थिजले. दोन्ही वाटा शाळेतच जात होत्या. पण सांगणार कशी? मी जोरजोराने बांगड्या वाजवल्या. भासरे म्हणाले, "मांजरे, चहा त आताच झाला ना वं." जाऊबाई आत आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय वं, लयच खनखन करून राह्यली आज?" त्यांच्या डोळ्यांत हसू होतं.

हेडमास्तर पुण्याकडचे, स्वच्छ धोतराचे गृहस्थ. ओसरीवर बसले आणि त्यांनी वसंताला सतराचा पाढा विचारला. वसंता जागच्या जागी पाय हलवू लागला. भासरे म्हणाले, "मास्तर, त्याले चालू द्या." मास्तरांना काही कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. वसंता ओसरीभर पुढे चालत सतराचा पाढा धाडधाड म्हणून गेला. मग मास्तर म्हणाले, "बरं, आता उलटा म्हण." तो पाठमोरा मागे सरकू लागला. सतरा दाहे, सतरा नव्वे म्हणत तो उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात आला आणि चुलीपाशी अडकला. "सतरा आठे, सतरा आठे," एवढंच. मी खाली मान घालून पुटपुटले, "एकशे छत्तीस." तो तसाच वळला आणि उरलेला पाढा म्हणत बाहेर गेला.

मग भासऱ्यांचा आवाज आला, "आमच्या मांजरीलेही पाढे येतात, मास्तर." माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली.

मग सुमनची पाळी. मास्तरांनी विचारलं, "मुंबई कुठे आहे?"

"सह्याद्रीच्या पलीकडं, टमाट्यात."

"टमाट्यात? बरं, पुणे कुठे आहे?"

सुमनचा चेहरा पडला. "पुणं यंदा किडलं जी. बाबानं उपटून फेकलं."

भासऱ्यांनी लगेच कान धरले. "चूक माह्यी, मास्तर. पुन्याले राख माराले उशीर झाला."

शेवटी मास्तर स्वतः मळ्यात गेले. पुढचं जाऊबाईंनी सांगितलं. मास्तरांनी वहाणा हातात घेऊन गोदावरी ओलांडली, धोतर सांभाळत अख्खा महाराष्ट्र हिंडले, आणि पुण्याच्या मोकळ्या वाफ्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "इथे काहीतरी लावा हो. ओकंओकं दिसतं. अळू लावा." भासऱ्यांनी खरंच लावलं. ते इतकं खाजरं निघालं की पुढे वर्षभर आमच्या घरात पुण्याचं नाव कोणी काढलं नाही.

परत येऊन मास्तर म्हणाले, "दोघेही पास. सोमवारपासून पाठवा."

"पास झाले ना?" भासरे म्हणाले. "मंग काऊन धाडा लागते?"

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. भासरे त्यांच्याकडे बघत राहिले. वाट कुठे जात होती ते त्यांना तेव्हा दिसलं. तरी एक आशा धरून ते सुमनकडे वळले, "तूच सांग बाई."

सुमनने मास्तरांना विचारलं, "शाळेत लेझीम हाये काय जी?"

"आहे."

"मंग मी येतो."

भासरे पुन्हा मळ्यात निघून गेले, आणि त्या दिवशी मांजरीने चहा केला नाही.

सोमवारी पोरं गेली. ओसरी अशी गप्प झाली की मला माझ्याच भाकरीचा आवाज मोठा वाटू लागला. भासरे भिंतीला टेकून बसले होते. बऱ्याच वेळाने कागद सपाट करण्याचा आवाज आला. त्यांनी घसा साफ केला आणि एक बातमी मोठ्याने वाचू लागले. कुठल्याशा नदीला पूर आला होता, एक म्हातारी झाडावर अडकली होती, लोक होडी घेऊन निघाले होते, आणि कागद फाटला. भासरे थांबले. मग मांजरीला म्हणाले, "पुढं काय झालं असन?"

मांजर परसात होती. मला फटीतून दिसत होती.

मी भाकरीकडे बघून, भाकरीलाच सांगितलं, "म्हातारी म्हणाली असन, आधी माह्या कोंबड्या उतरवा."

पलीकडून हसू आलं. ते वळले नाहीत. मीही दारात गेले नाही. पुढे कितीतरी वर्षं ही शाळा चालली. त्यांनी मांजरीला विचारायचं, मी भाकरीला सांगायचं. चुकलं की पलीकडे उठाबशांचा आवाज येई. शेवटी गुडघे धरले तेव्हा ते बसल्या बसल्या नुसते कान धरत.

आता ते नाहीत. मांजरही दुसरी आहे, तिला काही येत नाही. वसंता मला रोज अख्खं वर्तमानपत्र आणून देतो, कडा न फाटलेलं. मी ते अर्ध्यावर दुमडते, तिथवर मोठ्याने वाचते, आणि ओसरीकडे कान देऊन जराशी थांबते.