डुप्लिकेट माल

बाबांचं पहिलं ड्रिल मशीन वयाने माझ्याहून मोठं होतं. जाड धातूची बॉडी, एका हातात धरलं तर खांदा खाली यायचा. बाबा भोसरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, तेव्हा त्यांनी ते बोहरी आळीतल्या एका दुकानातून घेतलं होतं. ड्रिलचे बिट, करवतीची पाती असं काहीबाही आणायला जाता जाता दुकानाच्या मालकांशी त्यांची मैत्री झाली. मी त्यांना काका म्हणते. रिटायर झाल्यावर बाबा दर शनिवारी विश्रांतवाडीहून बसने तिकडे जायचे आणि काउंटरशेजारच्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना न विचारलेले सल्ले द्यायचे.

इतर दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांचे पडद्यांचे रॉड, देव्हाऱ्याची फळी, गीझरचे ब्रॅकेट हे सगळं बाबाच लावून देत. त्यातच एकदा त्या जुन्या मशीनच्या मोटरचं आर्मेचर जळलं. त्या शनिवारी मी बाबांना स्कूटरवरून सोडायला गेले होते. दुकानात फार बोलावं लागू नये म्हणून मी अशा वेळी स्कूटरपाशीच थांबते, पण काकांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो.

"वायंडिंग करून देतो," काका म्हणाले, "पण बेअरिंगच्या जागाही झिजल्यात. किती ओढशील त्याला? त्यालाही रिटायर होऊ दे."

नवीन मशीन निवडायला बाबांनी दुपार घालवली. ते दोन मशीन दोन हातांत घेऊन तोलायचे. जड असेल त्यात तांबं खरं, असं त्यांचं मत. मग वायर प्लगपाशी दुमडून बघायची, बिट पकडणारा चक धरून हलवायचा, आणि शेवटी मशीन रिकामं फिरवून मागून येणाऱ्या हवेचा वास घ्यायचा.

"अत्तर घ्यायला आलायस का?" काका म्हणाले.

"आधी अत्तरवाल्यासारखी खात्री तर दे."

"माझी खात्री तू. तीस वर्षं येतोयस, अजून बोटं शाबूत आहेत."

शेवटी जुन्याच कंपनीचं नवं मॉडेल घरी आलं. ते दसऱ्यापर्यंत उत्तम चाललं. त्यानंतर महिन्याभरात अडखळायला लागलं, आतून ठिणग्या दिसायच्या, मग एकदम बंद. वॉरंटी होती. काकांनी पाठवून दिलं आणि कंपनीने काही न विचारता दुसरं दिलं. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर तेही तसंच गेलं.

या वेळी बाबा ते घेऊन दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "कंपनी एवढी बिघडत नाही. तू मला डुप्लिकेट माल दिलास."

काकांनी हातातलं माप खाली ठेवलं. "असं वाटत असेल, तर आपण दुसरं दुकान बघावं, साहेब."

हे मला आईने सांगितलं. बाबा त्या दिवशी मशीन काउंटरवर न ठेवता तसंच परत घेऊन आले. ते माळ्यावर गेलं आणि शनिवार बंद झाले.

मी हिंजवडीच्या ऑफिसच्या बसमध्ये बसून ऑनलाइन रिव्ह्यू वाचले, तारे मोजले आणि वेगळ्या कंपनीचं मशीन मागवलं. बाबांनी ते तोललं. "आवाजात दम नाही," म्हणाले, पण वापरायला लागले. शनिवारी मात्र ते टीव्हीसमोर बसून चॅनल बदलत राहायचे. फोन वाजला की आधी स्क्रीन बघायचे आणि मग "कंपनीवाले" म्हणून बंद करायचे.

"अहो, मशीन गेलं तर गेलं," आई एकदा म्हणाली, "माणूस कशाला घालवलात?"

"त्यानेच विकलं."

"काय, माणूस?"

बाबांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

मला दोघांचंही वागणं कळत होतं. काकांना तो शब्द परत घेतलेला हवा होता, आणि बाबांना वाटत होतं की आपण खरं तेच बोललो. मध्ये पडून काय बोलणार? माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी बाबांची सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडतात. हातोडी, पाने, करवत, आणि मध्यभागी ड्रिल, या वेळी मी मागवलेलं. पूजा आई करते. मी निरांजन धरून शेजारी उभी होते. आईने ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि ड्रिलच्या पाठीवर, मोटरच्या बरोबर वर, ठसठशीत टिळा लावला. त्या जागी हवेसाठी फटी आहेत. कुंकवाचा एक ओघळ फटीतून आत गेला. मग आईने अक्षता वाहिल्या. काही दाणे फटींवर थबकले, आणि आईने पुढचं फूल ठेवताच दिसेनासे झाले.

मी ते बघून ठेवलं. आरती झाली, प्रसाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून बंद पडलेलं मशीन काढलं आणि गॅलरीत वर्तमानपत्र पसरून स्क्रू सोडले. आत खंडेनवमीच होती. पंख्यापाशी तांदळाचा भुगा आणि मोटरला वीज पोचवणारा कार्बन सरकतो त्या खाचेत कुंकवाचा वाळलेला लाल थर. कार्बन तिथेच अडकला होता. कंपनीला यात काहीच करता आलं नसतं.

बाबा चहाचा कप घेऊन आले आणि वाकून बघत राहिले. त्यांनी नखाने थोडा लाल थर खरवडला, बोटांत चुरडला.

"आईला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "उगीच तिला वाईट वाटेल."

"काय सांगू नकोस?" आई स्वयंपाकघरातून.

शेवटी तिला दाखवावं लागलं. तिने नीट पाहिलं आणि पदराला हात पुसले.

"मला कशाला वाईट वाटेल? मी आपली हँडलला लावत होते. मोटर म्हणजे मशीनचा जीव, टिळा तिथेच लाव, हे कोणी शिकवलं? जुन्याला तिथे भोक नव्हतं. नव्याला आहे हे तुम्ही बघायचं. वास घेत बसलात."

बाबांनी सुटे स्क्रू गोळा करून डबीत ठेवले. शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि मला म्हणाले, "सोडतेस?" दुकानापाशी पोचल्यावर या वेळी मी स्कूटरपाशी थांबले नाही, त्यांच्यामागे आत गेले.

बाबांनी उघडलेलं मशीन काउंटरवर ठेवलं. काकांनी चष्मा लावला, टॉर्च मारला.

"वॉरंटीच्या कार्डावर पाणी आहे, धूळ आहे, उंचावरून पडणं आहे," ते म्हणाले. "कुंकू नाही लिहिलं."

बाबा हसले नाहीत. शेजारी एक गिऱ्हाईक ग्राइंडर बघत उभं होतं, पंचविशीतलं, अनोळखी. बाबा त्याच्याकडे वळले. आवाज दुकानभर जाईल इतका मोठा होता.

"डोळे मिटून घ्या. इथे डुप्लिकेट माल मिळत नाही. मी तसं म्हणालो होतो, याच जागी उभा राहून. चूक माझी होती."

त्या माणसाला काही कळेना. "तुम्ही इथे कामाला आहात का?"

"कामाला कसला," काका खाचेतला कार्बन चिमट्याने सोडवत म्हणाले. "फुकट बसतो." मग मान वर न करता, "तासाभरात साफ होईल हे. पण तुझ्या मुलीला थांबावं लागेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला घाई नाही.