सकाळी उठण्याचं कारण

शेजारचे काका रिटायर झाले आणि त्यांना इकिगाई सापडलं. इकिगाई म्हणजे जपानी लोकांचं जगण्याचं कारण. जिन्यात जो भेटेल त्याला अडवून, चष्मा कपाळावर चढवून ते विचारतात, "तुम्ही सकाळी उठता कशासाठी?" उत्तर ऐकायला मात्र थांबत नाहीत.

आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही पहाटे, आणि मोटार लावल्याशिवाय टाकीत थेंब चढत नाही. काकू त्यासाठी उठतात. परवा त्यांनी मोटार लावली, तसे काका गॅलरीतून ओरडले, "अगं, बंद कर ती! माझं व्हिडिओचं शूटिंग चाललंय इथं."

"पाणी जाईल ना हो."

"लगेच कुठं जातंय?"

काकूंनी मोटार बंद केली. व्हिडिओ संपेपर्यंत पाणी गेलं होतं.

दुपारी काकू रिकामी घागर घेऊन आमच्या दारात आल्या. मी ती भरत असताना माझा फोन वाजला. कॉलनीच्या ग्रुपवर काकांचा इकिगाईवरचा व्हिडिओ आला होता.

"तेवढं लाइक करा हो," काकू हळूच म्हणाल्या. "नायतर सगळं माझ्यावरच निघतं."

मी केलं.