योकोहामातला वन्स मोअर

माझ्या एका ओरडण्यामुळे एक माणूस जपानमध्ये राहिला. बरं झालं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

ते माझ्या लेकीला कीबोर्ड शिकवायला दर शनिवारी आमच्या फुनाबोरीच्या घरी यायचे. साठी उलटलेले इंग्रज गृहस्थ, पण आमच्या घरात ते ‘सर’च. तरुणपणी लंडनच्या बँडमध्ये वाजवायचे, दुसऱ्यांसाठी गाणी लिहायचे; पुढे जपानमध्ये येऊनही बँडमध्येच वाजवत राहिले. एकदा त्यांनी जुना व्हिडिओ दाखवला. ‘‘हा मी.’’ मला गायकाच्या मागे फक्त एक कोपर दिसलं! २०११च्या मोठ्या भूकंपानंतर त्यांच्या ओळखीचे बहुतेक परदेशी निघून गेले, हे राहिले. का राहिले, ते त्यांनाही धड सांगता यायचं नाही.

दोनेक वर्षांनी त्यांनी कार्यक्रमासाठी योकोहामात छोटा हॉल भाड्याने घेतला. पहिल्यांदाच स्वतःची गाणी, स्वतःच्या आवाजात. ‘‘लोकांना आवडलं तर राहीन, नाहीतर चंबूगबाळं आवरून घरी,’’ असं काहीसं ते इंग्रजीत म्हणाले. परतीचं तिकीटही काढलेलं होतं.

कार्यक्रमात गाणं संपलं की शांतता. शेवटचा सूर पार विरेपर्यंत कोणी हलायचं नाही, मग बेताच्या टाळ्या. जपानी लोकांची ही रीत, पण बँडच्या गोंगाटात सरांना ती कधी जाणवलीच नसावी. प्रत्येक गाण्यानंतर त्यांचा चेहरा उतरत चालला. हे लोक रंगलेत की कंटाळलेत, मलाही समजेना.

मग एक गाणं आलं. खरं सांगते, माझ्या डोक्यावरून गेलं. संपलं वाटायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मी विचारात असतानाच ते खरंच संपलं. पुन्हा तीच शांतता. सरांचे हात पट्ट्यांवर तसेच. मला राहवेना, आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘वन्स मोअर!’’

माझे बाबा संगीत नाटकात तिसऱ्या रांगेतून असेच ओरडायचे. मग मेलेलं पात्रसुद्धा उठून पद पुन्हा म्हणायचं. इथे सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ‘‘आई, हाझुकाशी!’’ लाजेने लाल झालेली लेक खुर्चीत खाली सरकली.

‘‘हेच पुन्हा?’’ सरांनी विचारलं. आता काय बोलणार, मी मान हलवली. त्यांनी अख्खं गाणं पुन्हा वाजवलं. मला तेव्हाही कळलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले. ‘‘चाळीस वर्षांत कोणी माझं कुठलंच गाणं पुन्हा मागितलं नव्हतं.’’ तिकीट त्यांनी रद्द केलं.

आता ते महिन्यातून एकदा एका कॉफीच्या दुकानात वाजवतात. ऐकायला कधी आठ माणसं, कधी पाच. गुडघे दुखतात, तिकडून बहीण ‘परत ये’ म्हणून फोन करते. ते दिसले की मला अपराधी वाटायचं. शेवटी गेल्या महिन्यात तिथेच, कार्यक्रम संपल्यावर, धीर करून सांगून टाकलं, ‘‘सर, मला ते गाणं आवडलं म्हणून मी ओरडले नव्हते. तुमचा चेहरा बघवत नव्हता. गाणं मला कळलंच नव्हतं.’’

मला वाटलं, संपलं सगळं.

‘‘अजूनही नाही कळलं?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘मग बसा,’’ म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्यांनी तेच गाणं सुरू केलं.