चौथी गल्ली, घर नंबर नऊ

समुद्राला लागून असलेल्या त्या उपनगरात आठ गल्ल्या होत्या आणि त्या पाण्याकडून मोजायच्या, असा मूळचा शिरस्ता. बंदरातल्या नोकरांसाठी घरं बांधली तेव्हा साहेबलोकांना पहिली गल्ली मिळाली, खिडकी उघडली की समोर समुद्र. कारकुनांना दुसरी, मग फिटर, सुतार, हमाल असं करत आठवीपर्यंत. पुढे बंदर बंद पडलं, साहेब निघून गेले, पण कोण कुठल्या गल्लीतला हे माणसं आडनावासारखं सांगत राहिली.

समुद्रानेही मानपान पाळला. आधी साहेबांची गल्ली नेली, मग कारकुनांची. पायाखालची वाळू सरकणे हा तिथे नुसता वाक्प्रचार नव्हता.

आकडेमामा दुसऱ्या गल्लीत जन्मलेला, कारकुनाचा मुलगा. धंद्याने पेंटर. दारांवरचे नंबर आणि कोपऱ्यांवरच्या पाट्या रंगवायचा. खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही, दोन वर्षांत आकडा ओळखू येईनासा होतो, त्यामुळे एका टोकाचं काम संपेपर्यंत दुसरं टोक पुन्हा तयार असायचं. नवख्या माणसाला वाटायचं, हा सट्ट्याचे आकडे घेतो. मामा खवळून म्हणायचा, "घेतो ना! बोला, तुमच्या दारावर कुठला लावू?"

आई लवकर गेली. थोरल्या बहिणीने, अक्काने त्याला वाढवलं आणि त्या नादात तिचं लग्न राहून गेलं. मामाचंही राहिलं. दोघांची भांडणं मात्र नवराबायकोला लाजवतील अशी. दुसरी गल्ली रिकामी करायचा हुकूम आला तेव्हा मामा तिशीचा होता. बाकीचे लोक कपाटं, पलंग काढत होते. अक्काने स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि दाराची कडी काढून घेतली. चौथ्या गल्लीत नऊ नंबरचं घर मिळालं, त्याच्या दाराला तीच कडी लागली.

तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेने फर्मान काढलं. ज्या गल्ल्या नाहीत त्या मोजायच्या नाहीत. तिसरीला पहिली म्हणायचं, चौथीला दुसरी, आणि असंच पुढे. पाट्या रंगवायचं काम अर्थातच मामाकडे आलं. घरी येऊन त्याने सांगितलं आणि अक्काने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"ही दुसरी? अरे, दुसऱ्या गल्लीत आई गेली. तिथल्या ओट्यापाशी तू रांगलास. आता हिला दुसरी म्हणायचं म्हणजे ती कधी नव्हतीच!"

"अगं, ती पाण्यात आहे, अक्का."

"पाण्यात आहे ना? मग आहे! आपल्या गल्लीची पाटी बदलायची नाही. मी डोळे मिटले की मग हवं ते लिही."

मामाला हे मनापासून पटलं. त्याने सगळ्या पाट्या बदलल्या, आपल्या गल्लीची तेवढी ठेवली. जुन्या सहाव्या गल्लीच्या कोपऱ्यावर निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'चौथी गल्ली' त्यानेच लिहिलं, आणि झकास लिहिलं. नगरपालिकेतला कारकून येऊन करवादला, "मामा, दोन चौथ्या गल्ल्या झाल्या की हो!"

"समुद्राने दोन नेल्या, मी एक जास्तीची दिली. कुरकुर कसली करता?"

हे उत्तर सगळ्या उपनगरात फिरलं. गॅसचं सिलिंडर चुकून वरच्या नऊ नंबरला जायचं, कुणाचे पाहुणे पिशव्या घेऊन भलत्याच दारात उभे राहायचे. लोक हसायचे. नगरपालिकेची जिरवली याचा सगळ्यांनाच आनंद होता, आणि मला विचाराल तर पुढे जे झालं त्यात त्या हसण्याचाही वाटा आहे.

एका दुपारी भाजी निवडता निवडता अक्का थांबली. "छातीवर काहीतरी बसलंय रे," म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. मामाने रुग्णवाहिकेला फोन लावला.

"चौथी गल्ली, घर नंबर नऊ."

"चौथीच ना काका?" पलीकडच्या बाईने विचारलं. तिने विचारलं होतं, हे विसरू नका.

"चौथी म्हणजे चौथी! जन्म गेला माझा इथे!"

दहा मिनिटांत सायरन ऐकू आला. मोठा होत होत गल्लीच्या तोंडाशी आला आणि तसाच पुढे गेला. वळून येईल, असं मामाला आधी वाटलं. मग वरच्या कोपऱ्यावरची ती निळी पाटी आठवली.

"आलोच," म्हणून तो धावत सुटला.

"पळू नकोस, पडशील," अक्का म्हणाली.

दोन गल्ल्या वर गाडी उभी होती. नऊ नंबरची म्हातारी घरात कुणी आजारी नाही म्हणून शपथा घेत होती. मामाला धड बोलताही येईना. तो नुसता हात खाली दाखवत राहिला. ड्रायव्हरने त्याला गाडीत घेतलं. "काका, पाटी बघूनच वळलो हो," तो म्हणाला. "एवढी ठळक पाटी, लांबून दिसते."

ती कुणी रंगवली, हे मामाला सांगवलं नाही.

घरी आले तेव्हा अक्का खुर्चीतच होती, मांडीवर भाजीचं ताट तसंच. गाडीतल्या डॉक्टरने नाडी बघितली, डोळे बघितले. "पंधरा मिनिटं आधी..." असं काहीतरी तो बोलायला लागला आणि मामाच्या तोंडाकडे बघून थांबला.

मामाला कुणी दोष दिला नाही. उलट लोक येऊन, तिची वेळच भरली होती, म्हणाले. मामाला ते ऐकवेना. वेळ भरली नव्हती, ती वर दोन गल्ल्या उभी होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो कडीकडे बघत बसायचा आणि ढसाढसा रडायचा.

चौथ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला तो नगरपालिकेत गेला. टेबलामागे तोच कारकून. नाव, वय लिहून झालं.

"पत्ता सांगा, मामा. विचारावं लागतं."

मामाच्या तोंडात जुना पत्ता आला होता. तो गिळून त्याने सांगितलं, "दुसरी गल्ली. घर नंबर नऊ."

कारकुनाचं पेन थांबलं. "पाटी बदललीत?"

"सकाळीच. तिनेच सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर बदल म्हणून."