नातीच्या ओठांवरचे फोड

तोंड माझं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला. दिवसभर 'पुढं सरका' ओरडून ओरडून आवाजाची जी पट्टी लागली ती घरीही तशीच राहिली. बायको होती तोवर मला आवरायची. ती गेल्यावर घरात उरलो मी, मुलगा, सून आणि अडीच वर्षांची नात. मुलगा जालन्याला कंपनीत, आठवड्याने येतो. म्हणजे माझं बोलणं ऐकायला उरली एकटी सून.

आमचं गाव देऊळगाव राजापासून जवळच. इकडे शेताशेतात शेडनेटच्या जाळ्या उभ्या आहेत, आत मिरचीचं बियाणं तयार होतं. सून सकाळी अशाच एका जाळीखालच्या प्लॉटवर कामाला जाते. पिकलेल्या मिरच्या फोडून बी काढायचे दिवस आले की बायांचे हात संध्याकाळपर्यंत आग आग करतात. घरी आली की ती हाताला तेल चोळते, साबणाने दोनदा धुते आणि मगच लेकराला उचलते. हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो, पण नेमकं वेळेला विसरलो.

नातीला दुपारी जेवू घालणं माझ्याकडे. आमच्याकडची भाजी तिखटजाळ, आणि या बाईसाहेबांना आमच्याच ताटातलं पाहिजे. वेगळा वरणभात दिला तर वाटी ढकलून द्यायची. मग मी वांग्या-बटाट्याच्या रश्श्यातली फोड स्वतःच्या तोंडात धरायचो, तिखट चोखून घ्यायचो आणि पांढरी झालेली फोड तिला भरवायचो. माझ्या आईने मला असंच वाढवलं, मी माझ्या पोराला असंच वाढवलं. "आबा, अजून," करत पोरगी पाच-सहा फोडी खायची. आईपेक्षा माझ्या हातचं ती जास्त जेवते, हे मी पारावर चार लोकांना सांगायचो.

एके दिवशी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ओठांच्या कडेने फोड उठले, बारीक, पाणी भरलेले, एकमेकांना चिकटून. हिरड्या लाल झाल्या, लाळ गळायला लागली, घास तोंडाजवळ नेला की मान फिरवून रडायची. शेजारीण आली, बघून म्हणाली, "पाल मुतली असंल." पाल मी हसण्यावारी नेली, पण माझं शहाणपण त्याहून दांडगं. शेजारणीसमोरच सुनेला बोललो, "तुह्या हाताची मिरची लागली लेकराले. उद्यापासून प्लॉटवर जाणं बंद."

"मामाजी, हात धुतल्याबिगर मी तिले हात लावत नाही," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, "मंग हे आभाळातून पडलं का?" मी फोडांवर साजूक तूप लावलं तर पोरीने किंकाळी फोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून नातीने पाण्याचा घोट घेतला नाही. चमच्याने दिलं तर ओठ मिटून घ्यायची. मी म्हणत होतो, संध्याकाळपर्यंत बघू, लेकरं असं करतातच. दुपारी सुनेने तिची चड्डी चाचपून पाहिली आणि उठली. "मामाजी, सकाळपासून सू नाही केली तिनं. मी देऊळगाव राजाले चालली." नेहमी ती मला विचारायची, त्या दिवशी सांगितलं. पोरीला खांद्यावर टाकून ती फाट्याकडे निघालीसुद्धा. मी चपला शोधत मागून पळालो.

मुलांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहानच, सुनेच्या बरोबरीच्या असतील. त्या काही विचारायच्या आत मी निकाल देऊन मोकळा झालो, "मिरचीचं आहे मॅडम. हिची आई प्लॉटवर जाते." त्या म्हणाल्या, "असेलही आजोबा, आधी बघू या." आणि बघितलं तरी कसं! आधी पोरीच्या हातात बॅटरी दिली, तिलाच लावू दिली, विझवू दिली. मग तळहात पाहिले, तळपाय पाहिले, पाठ उघडून पाहिली. शेवटी तोंडात उजेड पाडून जिभेवर, हिरड्यांवर नजर फिरवली. ताप आधी की फोड आधी, हे सुनेला विचारलं. माझ्याइतक्या वयाच्या माणसाने चार दिवसांत जे एकदाही विचारलं नव्हतं, ते डॉक्टरीणबाईंनी चार मिनिटांत विचारलं. मी मनात म्हटलं, हिला खरं काम येतं.

मग समजावून सांगितलं. मिरचीने तोंडाभोवतीचं कातडं सरसकट लाल होतं, त्याने ताप येत नाही आणि हिरड्या सुजत नाहीत. खाजवून पिकलेलं असतं तर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या असत्या. जीवनसत्त्व कमी पडलं तर ओठांचे फक्त कोपरे चिरतात. हातापायांवरही फोड असते तर तो आजार वेगळा. "हा विषाणू आहे. पहिल्यांदा लागतो तेव्हा लहान मुलांना असा त्रास होतो. घरात गेल्या आठ-पंधरा दिवसांत कुणाच्या ओठावर ताप फुटला होता का, म्हणजे असेच बारीक फोड?"

ताप माझ्याच ओठावर फुटला होता, आठवड्यापूर्वी. सुनेला हे पक्कं माहीत होतं, कारण त्यावर लावायला मलमाची ट्यूब तिनेच आणून दिली होती. आदल्या दिवशी शेजारणीसमोर मी तिला जे बोललो, त्याचं उट्टं काढायला एक शब्द पुरे होता. तिने पोरीच्या फ्रॉकचं बटण लावायला घेतलं आणि लावतच राहिली. मला तेव्हा फार लाज वाटली.

"मला," मी म्हटलं. आणि बटाट्याचं सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मायेपोटीच होतं आजोबा. पण ओठावर फोड असला की पापा नाही आणि उष्टं तर कधीच नाही." त्यांनी दुखणं कमी व्हायचं औषध तिथेच पाजलं, विषाणूवरचं पातळ औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, "ती पाणी पिऊन सू करेपर्यंत मी तुम्हाला घरी सोडणार नाही." अर्ध्या तासाने सून बिनसुईच्या सिरिंजने गार पाणी गालाच्या आतून थेंब थेंब सोडायला लागली. न कंटाळता, न घाई करता. तासाभराने पोरीने स्वतः पेला ओढला. पुढे पोरीने सू केली, सुनेची मांडी भिजली, तेव्हा सून हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "चुकलो मी." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "लेकरू पाणी प्यालं ना. झालं मंग." शेजारणीसमोर बोललो होतो, म्हणून शेजारणीला बोलावून तिच्यासमोरच खरं काय ते सांगितलं. आयुष्यात एवढं जड तिकीट मी कुणाला फाडलं नव्हतं.

दहा-बारा दिवसांत खपल्या पडल्या. तोवर मी जेवायच्या वेळी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. सून दुपारी प्लॉटवरून घरी येऊन भरवून जायची. मला कुणी मनाई केली नव्हती, पण आता हे काम आपल्याकडे येणार नाही असं मी धरून चाललो होतो. आणि खरं सांगतो, त्याने मी आतून खचलो होतो.

एका दुपारी आतून हाक आली, "मामाजी, जेवाले या." ताट वाढलेलं होतं, वांग्या-बटाट्याचीच भाजी, आणि ताटाशेजारी कोमट पाण्याची वाटी. सुनेने बटाट्याची फोड पाण्यात बुडवली, बोटाने चोळून तिखट काढलं आणि ती पांढरी फोड माझ्या हातावर ठेवली.

"आता द्या तिले," ती म्हणाली.

मी ती पोरीच्या तोंडाजवळ नेली. पोरीने ती खाल्ली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा, अजून." सुनेने दुसरी फोड पाण्यात बुडवली.