ग्रहणात चिरलेला पेरू

सुरी मी तिच्या हातातून कशी ओढली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की ती पात्याकडून धरली गेली, माझा तळहात चिरला आणि पेरूच्या ताटात रक्ताचे दोन-तीन थेंब पडले. समोर शाळेच्या मैदानावर अख्खी कॉलनी उभी होती. पश्चिमेला टेकलेला सूर्य एका कडेनं कुरतडलेल्या भाकरीसारखा दिसत होता. सुरी घेऊन बसलेली माझी लेक सातव्या महिन्यात होती. आणि "नको! ठेव ती!" असं जे कुणीतरी किंचाळलं, ती मीच होते.

मी! कोरेगावात तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई. ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ, बाकी काही नाही, असं दर ग्रहणाला घसा फोडून सांगणारी. हा सगळा कार्यक्रम ठरवणारीही मीच. माझ्या तोंडून ते शब्द निघाले आणि मी स्वतःच अशी हादरले की हाताकडं बघायचंही सुचलं नाही.

पण आधी काय घडलं होतं ते सांगितल्याशिवाय हे कुणाला कळायचं नाही.

त्याच्या आधी, तीन वर्षं होत आली असतील, थंडीच्या दिवसांत सकाळी एक मोठं ग्रहण लागलं होतं. आपल्याकडं सूर्य पूर्ण झाकला गेला नाही, पण ऊन चांगलंच मलूल झालं होतं. लेक तेव्हा सांगलीकडं, तिच्या सासरच्या गावी होती. पाचवा महिना. जावई फौजेत, त्यामुळं घरात ती आणि तिची सासू, दोघीच. सकाळी सातला तिचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात. "आई, आत्या म्हणतात ग्रहण सुटेपर्यंत खोलीत सरळ बसून राहायचं. काही चिरायचं नाही, खायचं नाही, पाणीपण नाही. काय करू?" आत्या म्हणजे तिच्या सासूबाई.

माझं डोकंच फिरलं. "काय करू म्हणून मला विचारतेस? मला? ऊठ, पोटभर खा, आणि त्यांच्यासमोर बसून भाजी चीर. काही होत नाही. आणि पाळलंस ना ग्रहण, तर मला तोंड दाखवू नकोस!"

असंच म्हणाले मी. शेवटचं रागाच्या भरात निघून गेलं, पण म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. तिनं "बरं" म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी मीच फोन लावला. "चिरलीस?"

"हो. मेथी चिरली."

"आणि खाल्लीस?"

"हो गं आई."

मला कोण आनंद झाला! दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा थंड होईपर्यंत मी तेच सांगत होते. माझ्या पोरीनं सासूच्या नाकावर टिच्चून ग्रहणात मेथी चिरली. पुढचे पंधरा दिवस ती मेथीची जुडी मी भेटेल त्याला ऐकवली.

सोळाव्या दिवशी सांगलीहून फोन आला. पोटातलं हलेना म्हणून तिला दवाखान्यात नेलं होतं. बाळ गेलं होतं.

मी पोचले तेव्हा विहीणबाई दवाखान्याच्या जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी काही बोलायच्या आत मीच सुरू झाले. "ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं, हे एक अक्षर जरी माझ्या मुलीला ऐकवलंत, तर गाठ माझ्याशी आहे!" त्या काहीच बोलल्या नाहीत. पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत राहिल्या. मला वाटलं, बघा, मनात तेच आहे, म्हणून गप्प आहेत. डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं की याला कसलंच कारण नाही, कधी कधी असं होतं, कुणाची चूक नाही. मी शहाण्यासारखी मान डोलावली. मेथीची गोष्ट मात्र त्यानंतर मी कधीच कुणाला सांगितली नाही. का सांगत नाही, हे स्वतःला विचारलंही नाही.

आणि मग हे दुसरं ग्रहण आलं. तेही ऐन दिवाळीत, लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधल्या दिवशी. कॉलनीत नुसता गोंधळ. घरोघरी फराळाचे डबे भरलेले, आणि वेध तर पहाटेपासूनच लागणार. बायका मलाच येऊन विचारायच्या, "बाई, चकलीच्या डब्यावर तुळशीचं पान ठेवलं तर चालंल न्हवं?" मी म्हणायचे, "चकलीला ग्रहण लागत नाही गं, तुझ्या नवऱ्याची नजर लागते. त्याच्यापासून जप." त्यातून ग्रहण सुटायच्या आधीच सूर्य मावळणार होता. मग सुटलं हे समजायचं कसं आणि जेवायचं कधी, यावर गणपतीच्या पारावर दोन दिवस वाद चालले होते. एक आजोबा म्हणत, दुसऱ्या दिवशी सूर्याचं तोंड बघूनच खायचं. त्यांच्या सुनेनं त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, "मग तुमी ऱ्हावा उपाशी, आमी न्हाई."

मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि हातांना काम नव्हतं. म्हटलं, ह्या वेळी सगळ्यांना मैदानावरच बोलवायचं. साताऱ्याहून ग्रहण बघायचे चष्मे आणले. पिठाची चाळणी उन्हात धरली की तिच्या प्रत्येक भोकातून भिंतीवर एकेक कुरतडलेला सूर्य पडतो, ते मुलांना दाखवायचं ठरवलं. पोह्यांचं मोठं पातेलं मुद्दाम ग्रहण लागल्यावरच शेगडीवर चढवायचं. आणि शेवटी गरोदर बाईनं सगळ्यांसमोर फळं चिरायची, ती सगळ्यांनी खायची. असे कार्यक्रम आमच्या भागात नवे नाहीत.

लेक माहेरी आलेली होतीच. तिला कसं विचारावं, याचा मी दोन दिवस विचार करत होते. तीच म्हणाली, "फळं मी चिरते."

"नक्की?"

"चिरायचीच आहेत मला ह्या वेळी," ती म्हणाली. मला भरून आलं. म्हटलं, खरी माझी पोरगी.

ग्रहणाच्या दिवशी सकाळी विहीणबाई दारात हजर. लक्ष्मीपूजन उरकून, कराडला गाडी बदलून, वेधात प्रवास करून आल्या होत्या. सुनेवर पहारा ठेवायला आल्या, हे माझं पक्कं मत. स्वतः कडक पाळत होत्या. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. मी भांडायच्या तयारीतच होते, पण त्या एवढंच म्हणाल्या, "आवं विहीणबाई, तुमचं काय चाललंय ते चालू द्या. पर पोरीला तहानेली ठेवू नगा." मला तो टोमणाच वाटला.

पाचच्या सुमाराला मैदान भरलं. चाळणी भिंतीसमोर धरल्यावर भिंतीवर ते सूर्य उमटले आणि लहान-थोर सगळे "अगं बाई!" करून पुढं सरकले. चष्म्यांसाठी ढकलाढकली झाली. पोहे शिजले, पण कुणी बशी उचलेना. नुसतं एकमेकांकडं बघत होते. मग लेक येऊन टेबलामागं बसली. ताटात पेरू. मी मोठ्या आवाजात बोलायला सुरुवात केली, "आता बघा, ही माझी मुलगी..."

तिनं सुरी पेरूवर टेकवली. आणि पुढचं, ते सुरी ओढणं, मी केलं नाही, ते झालं.

मग मागून एक बाई म्हणाली, "बघा, बघा! ग्रहणात सुरी धरली की ह्ये असं हुतं." दोघी-तिघींनी आपापल्या लेकरांचे दंड धरले आणि मागं ओढली. तीस वर्षांचं माझं बोलणं त्या एका मिनिटात मातीत गेलं, आणि घालवलं ते मीच.

लेक माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. "आई, तू?" एवढंच ती म्हणाली.

मग तिनं माझ्या हातातून सुरी काढून घेतली. तांब्यातलं पाणी ओतून धुतली. डागाळलेले पेरू बाजूला केले, एक कोरा घेतला, त्याच्या चार फोडी केल्या, वर तिखटमीठ टाकलं आणि ताट पुढं केलं. कुणी हलेना. माझ्या हाताला कुणीतरी रुमाल बांधत होतं, आणि मी खांबासारखी उभी. मला पुढं होऊन एक फोड उचलता आली नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

वऱ्हांड्याच्या पायरीवर बसलेल्या विहीणबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश टेबलापाशी आल्या. ओठ सुकून पांढरे पडले होते. "दे पोरी," म्हणाल्या. सूर्य अजून तसाच कुरतडलेला होता. त्या बाईनं, जिनं जन्मात ग्रहणात थुंकीसुद्धा गिळली नसेल, ती फोड तोंडात घातली, चावली, गिळली. मग लोकांकडं वळून म्हणाल्या, "ग्वाड हाय. खावा की! बघताय काय नुसतं?"

मग हळूहळू लोक आले. फोडी गेल्या, पोहेही गेले. सूर्य तसाच, सुटायच्या आधीच, उसाच्या शेतांमागं बुडाला.

गर्दी पांगल्यावर आम्ही तिघीच शाळेच्या वऱ्हांड्यात बसलो. लेकीनं सरळच विचारलं, "आई, तुला तीन वर्षं वाटतंय ना, मी मेथी चिरली म्हणून बाळ गेलं?"

"तुझ्यामुळं नाही गं," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. "माझ्यामुळं. चीर म्हणून मीच सांगितलं होतं ना." स्वतःच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं हे माझ्या आत बसलं होतं आणि मला, विज्ञानाच्या बाईला, पत्ताच नव्हता!

लेकीनं सासूकडं बघितलं. सासूनं मान खाली घातली.

"मी काहीच चिरलं नव्हतं, आई."

"काय?"

"मेथी नाही, काही नाही. तुझा फोन ठेवला आणि जाऊन खोलीत बसले. सुटेपर्यंत."

मला काही उमजेना. मी वेड्यासारखी एकदा तिच्याकडं, एकदा विहीणबाईंकडं बघत होते.

"मीच बसवली," विहीणबाई म्हणाल्या. "भाईरनं कडी घातली. दोनदा पानी मागितलं तिनं. मी म्हनलं, थोडंच ऱ्हायलंय, कळ काढ. तवापास्नं माझा जीव मला खातोय बघा. तुमी जिन्यात बोललासा, तवा मी कोणच्या तोंडानं बोलनार व्हते? लेकराला मीच मारलं असं वाटत हुतं."

तीन वर्षं मी माझ्या फोनला दोष देत होते आणि ही बाई आपल्या कडीला. कुणाची चूक नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना? आम्ही दोघींनीही ते ऐकलंच नव्हतं. जिला मी अडाणी म्हणून हिणवलं, तिच्यात आणि माझ्यात तसूभर फरक नव्हता. तिनं निदान आज ती फोड खाल्ली.

"पण मग मला खोटं का सांगितलंस?" मी लेकीला विचारलं. एवढं होऊनही आवाज चढलाच माझा.

"तू म्हणाली होतीस, पाळलंस तर तोंड दाखवू नकोस." ती शांतपणे बोलत होती. "बाळ गेल्यावर खरं सांगावंसं वाटलं होतं. पण तू सगळ्यांना मेथीचं सांगून बसली होतीस. मला ग्रहणाची भीती नव्हती वाटत, आई. आत्यांचीपण नाही. तुझी वाटत होती."

मी हातावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधत बसले.

मग ती म्हणाली, "बाळंतपणाला मी आत्यांकडं जाईन म्हणते. भाऊबीज झाली की निघू."

विहीणबाई एकदम गडबडल्या. "आगं, असं काय बोलतीस? म्हायेराचं बाळतपण आसतंय. आई काय म्हनंल?"

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. लेकीनं पोटावर दोन्ही हात ठेवले होते, आणि खांदे आवळून घेतले होते. मी ओरडणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"बरं," मी म्हणाले.